रेल्वे आली, बस कुणाची गेली?

सिएटल हे अमेरिकेतील शहर आमच्या वाचकांना ठाऊक आहे ते २१ फेब्रुवारी २०२३ या तारखेमुळे. त्या दिवशी तेथील नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीभेदावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. मूळच्या आपल्याकडच्याच क्षमा सावंत यांनी मांडलेल्या त्या कायद्यात नोकरी आणि घर यांच्याबरोबर सार्वजनिक वाहतूकही आली आहे. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना घेऊन जायला नकार दिला आणि मग नवख्या हातात लगाम जाऊन अपघात झाला, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या तरतुदीचे मोल आम्ही सांगायला नको.

पण वाहनातून उतरवून देणे हा भेदभाव डोळ्यांना दिसतो. त्यावर फिर्याद करता येते, साक्षीदार मिळतात. दुसरा एक प्रकार असा आहे की त्यात कुणी कुणाला उतरवत नाही. बसच येईनाशी होते. थांब्यावर एक कागद चिकटवला जातो, अमुक तारखेपासून हा मार्ग बंद. कागदावर कुणाची जात नसते, रंग नसतो. मग दाद कुणाविरुद्ध मागायची? याच सिएटलमध्ये हा प्रश्न गेली पंधरा-सोळा वर्षे उभा आहे आणि आमच्या मते आपल्या चळवळीने त्याकडे फारसे पाहिलेले नाही.

तेथे लाइट रेलचे जाळे वाढते आहे. लाइट रेल म्हणजे विजेवर धावणारी, आपल्या लोकलपेक्षा हलकी, चार डब्यांपर्यंतची गाडी. कुठे भुयारातून जाते, कुठे पुलावरून, कुठे रस्त्याच्या मधोमध. साउंड ट्रान्झिट ही तीन काउंट्यांची (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा) संस्था ती चालवते. नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांनी त्यासाठी कर मंजूर केला, पण पहिली गाडी धावली १८ जुलै २००९ रोजी. मधल्या काळात, १९९९ पासून, याच संस्थेच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी उपनगरांना शहराशी जोडून ठेवले. त्यांचे नाव एसटी एक्स्प्रेस. आपल्या एसटीशी तिचे काही नाते नाही, पण काम मात्र तेच.

रेल्वे जसजशी पुढे सरकते तसतशी बस मागे घेतली जाते. मार्च २०१६ मध्ये गाडी विद्यापीठापर्यंत पोहोचली आणि ईशान्य सिएटलचे बसमार्ग नव्याने आखले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्थगेट आले आणि थेट शहरात जाणारी, कायम भरलेली ४१ क्रमांकाची बस इतिहासजमा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये लिनवुड जोडले गेले. पुढच्याच महिन्यात तेथील कम्युनिटी ट्रान्झिटने सिएटलला थेट जाणारे ४०० मालिकेतील मार्ग बंद केले आणि प्रवाशांना लिनवुड स्थानकावर उतरून गाडी पकडायला सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये दक्षिणेकडे फेडरल वेपर्यंत रूळ गेले.

हा सगळा अन्यायच आहे असे म्हणण्याचा उतावीळपणा आम्ही करणार नाही. हमरस्त्यावर तासन्‌तास अडकणारी बस रेल्वेच्या शेजारून समांतर चालवत राहण्यात अर्थ नसतो. एक बस आणि एक चालक यांना शहरात नेऊन परत आणण्यात जे तास जातात, तेच तास वाचवून वस्ती ते स्थानक अशा फेऱ्या वाढवता येतात. लिनवुडकडे ते वाचलेले तास स्थानिक मार्गांसाठी वापरले गेले. ज्याला ठरलेल्या वेळी शहरात पोहोचायचे आहे त्याचा यात फायदाच आहे. प्रश्न असा की हा हिशेब कुणाच्या पायांनी मांडला? धडधाकट माणसाच्या की हातात काठी असलेल्या म्हाताऱ्याच्या?

याचे उत्तर सिएटलच्या दक्षिणेकडील रेनियर व्हॅलीत मिळते. काळे, आशियाई आणि आफ्रिकेतून आलेले निर्वासित अशी ही कष्टकऱ्यांची वस्ती. रेल्वे तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्यावरून धावते. ज्या काउंटीत सिएटल आहे तिचे नावही किंग. पूर्वी ते विल्यम किंग या गुलामांच्या मालकाचे होते. १९८६ मध्ये काउंटी परिषदेने ते मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केले आणि राज्याच्या कायद्याची मोहोर उठायला २००५ साल उजाडले. १९ वर्षे! मराठवाड्यात लाठ्या खाल्लेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. असो.

तर २००९ मध्ये रेल्वे आली आणि त्याच रस्त्यावरची ४२ क्रमांकाची बस काढून घेण्याचा बेत पुढे आला. नकाशावर तर्क बिनतोड होता, एका रस्त्यावर दोन सेवा कशाला? पण बसचे थांबे थोड्या थोड्या अंतरावर असतात, रेल्वेची स्थानके नसतात. माउंट बेकर आणि कोलंबिया सिटी या दोन स्थानकांत सुमारे दीड मैलाचे अंतर आहे आणि नेमक्या त्या टप्प्यात एशियन कौन्सेलिंग अँड रेफरल सर्व्हिस या सेवाभावी संस्थेचे केंद्र आहे. तिथे मदतीसाठी येणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या वृद्धांना दारातून गाडी जाताना दिसणार आणि तिच्यात चढता मात्र येणार नाही. त्या संस्थेने आणि वस्तीतील लोकांनी हरकत घेतली. बस तोकडी होऊन का होईना, वाचली. २०१३ मध्ये ती अखेर बंद झालीच. तरी लोक गप्प बसले नाहीत. २०१६ मध्ये १०६ क्रमांकाचा मार्ग बदलून त्याच रस्त्याने चिनी वस्तीपर्यंत नेण्यात आला. रेल्वेच्या डोक्यावरून पुन्हा बस! सात वर्षे लागली, पण नकाशाला माणसांपुढे नमते घ्यावे लागले.

या हरकतीला नुसत्या मोर्चाचे बळ नव्हते, मागे एक कायदा होता, आणि वकील म्हणून आम्हाला त्यातच रस आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सांगते की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कामात वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव होता कामा नये. केंद्रीय परिवहन प्रशासनाच्या २०१२ च्या परिपत्रकानुसार मोठ्या वाहतूक संस्थांना मार्गात मोठा बदल करण्यापूर्वी लिहून काढावे लागते की या बदलाचा भार कुणावर पडतो. बंद होणाऱ्या बसमध्ये काळे-अल्पसंख्य किती, गरीब किती, आणि एकूण प्रवाशांत त्यांचे प्रमाण किती? भार त्यांच्यावरच जास्त पडत असेल तर कारण द्यावे लागते, आणि कमी नुकसानीचा पर्याय का नाही तेही दाखवावे लागते. नवी रेल्वे सुरू होणार असेल तर हा अभ्यास आधीच हवा.

हा नियम काही कुणाच्या दयेतून आला नाही. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहतूक प्राधिकरणाने बसचे तिकीट १.१० डॉलरवरून १.३५ करायचे आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचे ठरवले. कारण काय, तर तिजोरीत पैसा नाही. आणि त्याच सुमारास पॅसाडेनाच्या लाइट रेलसाठी १२ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले! बसमध्ये बहुतांश काळे, लॅटिनो आणि आशियाई मजूर. बस रायडर्स युनियन ही प्रवाशांची संघटना न्यायालयात गेली. खटला चालवला एनएएसीपी लीगल डिफेन्स फंडाने, म्हणजे ज्याने १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेदाचा खटला जिंकला त्याच फंडाने. न्यायाधीश टेरी हॅटर यांनी भाडेवाढीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये दहा वर्षांचा संमती हुकूमनामा झाला. मासिक पास वाचला. बसमध्ये उभ्या प्रवाशांची सरासरी टप्प्याटप्प्याने २००२ पर्यंत आठवर आणायची असे ठरले. किती माणसे उभी राहतील यावर न्यायालयाचा अंकुश! प्राधिकरणाने अपिले केली आणि हरले. २००६ मध्ये हुकूमनाम्याची मुदत संपली.

पुढची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा एकतर्फी युक्तिवाद होईल. २००१ मध्ये सँडोव्हल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की सहाव्या प्रकरणाखाली सामान्य माणसाला केवळ हेतुपुरस्सर भेदभावाबद्दल दावा लावता येईल, परिणामातून होणाऱ्या भेदभावाबद्दल नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ‘परिणामातून भेदभाव’ ही कसोटीच सरकारी कामातून शक्य तितकी हद्दपार करण्याचा आदेश काढला. हेतू दाखवा, मगच बोला! ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावर कधी ‘हेतू’ नाही तर ‘रूढी’ सांगितली गेली, त्यांना या युक्तिवादातली मेख लगेच कळेल.

आता आपले घर. आमच्या एक पक्षकार बाई चार घरची धुणीभांडी करतात. पोटगीच्या तारखेला दोनदा उशिरा आल्या. दुसऱ्यांदा न्यायाधीश महाराजांनी आम्हाला सुनावले. चौकशी केली तर त्यांच्या वस्तीतून थेट येणारी बस बंद झालेली. आता बसने मेट्रोच्या स्थानकापर्यंत, तिथून मेट्रो, मग पुन्हा चालणे. वेळेपेक्षा त्यांना भाडे बोचत होते, कारण दोन वाहने म्हणजे दोन तिकिटे. सिएटलमध्ये ओर्का कार्डावर दोन तासांत बसमधून रेल्वेत बदलले तर पहिले भाडे वळते होते आणि २०१५ पासून कमी उत्पन्नाच्या लोकांना सवलतीचे वेगळे कार्ड मिळते. आपल्याकडे एका कार्डावर दोन्हीकडचे पैसे कापले जाण्याची जाहिरात होते. एक कार्ड म्हणजे एक भाडे नव्हे. मुंबईत ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. या दोन गोष्टींचा एकत्रित हिशेब एखाद्या कामवाल्या बाईच्या पर्समधून कुणी मांडला काय?

आपल्याकडे मार्ग बंद करण्याआधी वस्तीनिहाय अभ्यास करा असे सांगणारा सहाव्या प्रकरणासारखा कायदा नाही. पण माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्याचे कलम ४(१)(सी) म्हणते की जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत, आणि ४(१)(डी) म्हणते की ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणे द्यावीत. ही कलमे आमच्या कार्यकर्त्यांनी वापरायला हवीत. कंडक्टरच्या हातातल्या तिकीट यंत्रात कोणत्या थांब्यावरून किती तिकिटे फाडली याची नोंद असते. म्हणजे सामग्री आहे, मागणारा नाही.

त्या बाईंच्या वस्तीतील चाळीस जणांच्या सह्यांचे निवेदन आणि त्यासोबत माहितीचा अर्ज आम्ही तयार केला आहे. बंद केलेल्या मार्गावर शेवटच्या वर्षी रोज किती प्रवासी होते, बंद करण्याचे लेखी कारण काय, आणि वस्तीतल्या कुणाला आधी विचारले होते काय, एवढेच त्यात विचारले आहे. उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. बाईंची पुढची तारीख त्याआधीच आहे, आणि त्या दिवशी आम्ही त्यांना पहाटेच निघायला सांगितले आहे.