छप्पर शेळीच्या डोक्यावर, कर्ज आपल्या डोक्यावर नको



शेवटची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पडते, तुराट्यांचा ढीग लागतो आणि पेरणीपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. शेळीचा गोठा बांधायचा तर तो याच दिवसांत, आपल्याच हातांनी, आणि होता होईल तो आपल्याच शेतातल्या मालाने.

गोठ्यावर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस मातीमोल भावात जातो, कारण त्याला थांबता येत नाही. दुकानदाराची उधारी दारात उभी असते, पोराची फी भरायची असते. ज्या घरात विकायला दोन बोकड असतात, त्या घरचा कापूस चार आठवडे घरात राहू शकतो. शेळी ही बहुधा घरच्या बाईची पुंजी असते. अनेक घरांत तीच पुंजी दर पावसाळ्यात चिखलात वाया जाते.

एक कबुली आधी देऊ. शेतकीची पदवी घेऊन आम्ही नवे नवे सल्ले देऊ लागलो, तेव्हा एका शेतकऱ्याला पुस्तकातला नकाशा काढून दिला: पक्क्या विटा, सिमेंटचा कोबा, लोखंडी कैच्या. त्याने कर्ज काढून गोठा बांधला. दोन वर्षांनी त्या कर्जासाठी शेळ्या विकल्या. गोठा अजून उभा आहे. त्यात आता सरपण असते. आमचा नकाशा बरोबर होता, हिशेब चुकला होता. तेव्हापासून आमचा नियम एकच: गोठ्याचा रोख खर्च एका वर्षाच्या बोकडांच्या पैशात बसला पाहिजे. बसत नसेल तर गोठा लहान करा.

आता माप. मोठ्या शेळीला छपराखाली 10 चौरस फूट जागा लागते, करडाला 5. पाच शेळ्या आणि आठ करडे धरली तर 90 चौरस फूट होतात. म्हणजे 12 फूट लांब आणि 8 फूट रुंद गोठा पुरतो. त्यापुढे दुप्पट मोकळे अंगण, 12 बाय 16 फुटांचे, चार फूट जाळीने घेरलेले.

जागा उंचवट्याची निवडा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि अंगण दक्षिणेला. थंडीतले तिरपे ऊन आत येते; उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा येत नाही. पश्चिमेची भिंत पूर्ण भरा, कारण वाऱ्याचा मारा तिकडूनच. बाकी बाजूंना तीन फूट कूड आणि वर जाळी. कोंडलेल्या गोठ्यात मुताचा वास डोळ्यांना झोंबतो. तुमच्या डोळ्यांना झोंबतो, तर रात्रभर तिथे बसणाऱ्या करडाच्या छातीचे काय होत असेल?

मेढी सहा लागतात, बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या. पुढच्या तीन जमिनीवर 9 फूट, मागच्या तीन 7 फूट, आणि प्रत्येकी दोन फूट जमिनीत. गाडायचे टोक आधी जाळून काळे करा, वर वापरलेले इंजिन ऑइल लावा. उधई लवकर धरत नाही. वर बारा फुटी पाच पत्रे बसतात, मागेपुढे पावणेदोन फूट वळचण सुटते. पत्रा तारेने वाशाला आवळा, वळवाचे वादळ कोणाची भीड ठेवत नाही. पत्र्यावर तुराट्यांचा थर दोरीने बांधला की मे महिन्याचा ताप बराच कमी होतो. पत्रे, जाळी, तार आणि खिळे, विकत घ्यायचे ते एवढेच.

कुडाला तुराट्या उत्तम. पऱ्हाटी वापरायची तर एक खबरदारी घ्या. तिच्यावर राहिलेल्या कवड्या बोंडांत गुलाबी अळी दडून बसते. 2017 साली या अळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते आपण विसरलेलो नाही. बोंडे झाडून जाळा, मगच पऱ्हाटी कुडाला लावा आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपा.

खरा जीव जमिनीत आहे. करडू थंडीपेक्षा ओलीने जास्त मरते. गोठ्याची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्या, मुरूम घालून धुमसाने ठोका, पुढच्या नालीकडे तीन-चार इंच उतार द्या. दरवर्षी पावसाळ्याआधी वरचा चार इंच थर खरवडून शेतात टाका, तेही खतच आहे. नवा मुरूम भरून वर चुना भुरभुरा. करडांसाठी बांबूच्या पट्ट्यांचे दीड फूट उंच माचाण करा. पट्ट्यांत अर्ध्या इंचाची फट असावी, म्हणजे लेंडी खाली पडते आणि खूर अडकत नाही. गव्हाण जमिनीपासून उचललेली हवी, तुडवलेला चारा शेळी खात नाही. ड्रम चिरून गव्हाण करणार असाल तर औषधाचा ड्रम चुकूनही घेऊ नका. आणि गोठा लसीची जागा घेत नाही. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्याच.

सरकारी शेडचे काय? 2021 साली राज्य सरकारने रोजगार हमीच्या जोडीने दहा शेळ्यांच्या शेडला 49,284 रुपये धरले. अशी मदत मिळत असेल तर हक्काने घ्या, तो आपलाच पैसा आहे. पण मंजुरीच्या वाटेकडे डोळे लावून दोन पावसाळे करडे चिखलात मारू नका. कागद त्याच्या चालीने येईल, पाऊस मृगातच येतो.

शेवटचे काम सगळ्यात स्वस्त आहे. गोठ्याच्या मधल्या वाशाला एक वजनकाटा टांगा. व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो आणि आकडा सांगतो. आपण मान हलवतो. कापूस काट्यावर जातो, ज्वारी काट्यावर जाते, मग बोकडच नजरेने का जावा? घरातल्या बाईने दर महिन्याला वजन करून भिंतीवर खडूने लिहावे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्या हिशेबाने बोकड राखावेत. व्यापारी आला की आधी काटा दाखवा, भाव मग बोला.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गोठ्याला रोख किती लागले, तो आकडा घेऊन या. ज्याचा सगळ्यात कमी, त्याने उभे राहून बाकीच्यांना सांगावे. आम्हीही वही घेऊन खाली बसू.