विजया, गांजा आणि खान्देश

पावसाळा सरतो, तुरीला शेंगा धरू लागतात आणि धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातून ठरल्यासारखी एक बातमी येते. सातपुड्याच्या पायथ्याशी, वनजमिनीवर, तूर, कापूस वा मक्याच्या आडोशाने लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, मुद्देमाल वाहून आणला, वजन केले, पंचनामा झाला, जमीन कसणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला. बाजारभावाने होणारी किंमत मथळ्यात येते, सोबत हिरव्या ढिगाऱ्यापुढे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांचे छायाचित्र येते आणि विषय संपतो. जळगाव जिल्ह्यातील बातमी थोडी निराळी असते. पूर्व किनाऱ्याकडून येणाऱ्या गाडीत, भुसावळ जंक्शनवर, बेवारस पिशव्यांत गांजा सापडतो. पिशव्यांचा धनी सहसा सापडत नाही.

याच काळात दुसऱ्या प्रकारच्या बातम्याही आपण वाचत असतो. अमुक देशाने गांजाला औषध म्हणून मान्यता दिली, तमुक ठिकाणी त्याच्या तेलाने लहान मुलांचे झटके थांबले, हिमाचल वा उत्तराखंडात लागवडीची चर्चा सुरू झाली. या दोन बातम्या एकाच वनस्पतीविषयीच्या आहेत, हे आपल्या सार्वजनिक चर्चेत कोणी ध्यानात घेत नाही. एका बाजूला 'सगळेच मोकळे करा' म्हणणारे महानगरी हौशी, दुसऱ्या बाजूला 'गांजा' हा शब्द ऐकताच कानांवर हात ठेवणारे सज्जन. मधल्या मधे भरडला जातो तो पाड्यावरचा शेतकरी, आणि ज्याच्या घरी दिवसातून वीस वेळा फेफरे येणारे मूल आहे तो बाप.

प्रथम वनस्पतीविषयी. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, त्यांचा चिकट राळेसारखा स्राव म्हणजे चरस. झिंग आणणारे द्रव्य टीएचसी या नावाने ओळखले जाते. सीबीडी हे त्याच झाडातील दुसरे द्रव्य, त्याने झिंग येत नाही. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ आणि १९६४ साली या दोन द्रव्यांची रचना उलगडली. ज्याला आज 'अल्प टीएचसीचे तेल' म्हणतात, त्यात पहिले द्रव्य नाममात्र ठेवून दुसरे भरपूर राखलेले असते. चिलमीतील गांजा आणि हे तेल यांना एकाच तराजूत घालणे म्हणजे शास्त्राकडे पाठ फिरवणे होय.

आपल्या वैद्यांना हा विवेक नवा नव्हता. शार्ङ्गधराने भंगेचा उल्लेख अफूच्या जोडीने, शरीरात झटकन पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून केला. भावप्रकाशात तिचे गुण नोंदले आहेत, तसेच मद आणणे हा तिचा स्वभावही सांगितला आहे. विजया हे तिचेच नाव. ती वापरायची तर आधी शोधन करायचे, धुवायची, वाळवायची, तुपावर परतायची, आणि मग जातिफलादि चूर्णासारख्या योगात मात्रेने घालायची, ही वैद्यकाची रीत. स्वतंत्र भारताच्या औषधविषयक कायद्यानेही तिला आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या सूचीत घातले ते याच कारणाने: वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे असे औषध म्हणून. म्हणूनच 'आपल्या पूर्वजांनाही गांजा चालत होता' असे सांगत समाजमाध्यमांवर मिरवणाऱ्यांनी परंपरेचा अर्धाच भाग उचलला आहे, असे म्हणावे लागते.

पाश्चात्त्य वैद्यकाने हे औषध उचलले तेही इथूनच. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली धनुर्वात, संधिवात, पटकी अशा रोगांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. चाळीस दिवसांच्या एका बाळाचे झटके थांबल्याची नोंद त्यांत आहे. पुढे हा अर्क इंग्लंड-अमेरिकेच्या औषधकोशांत गेला. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी तेच अर्क-तेल बाहेरचे पेटंट आणि बाहेरची किंमत घेऊन परत येत असेल, तर दोष परकीयांना देण्यापूर्वी आपण काय केले हे विचारायला हवे.

आपण काय केले? १८९३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला म्हणून एक आयोग नेमला गेला. त्याने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या, सात खंडांचा अहवाल दिला. सरसकट बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, अतिरेक मात्र घातक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या सातपुड्याला लागून असलेला खंडव्याचा मुलूख त्या काळी परवान्याच्या गांजा-लागवडीचे ठाणे होता. अर्थात परकीय सत्तेला महसूल हवा होता, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु सात खंडांची ही चौकशी होती, एवढे तरी मानावे लागेल. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केली आणि १९८५ साली अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आणला. फुलोरा आणि राळ बंद, पाने मात्र व्याख्येबाहेर. उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात ती यामुळेच.

या कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. औषधी आणि शास्त्रीय कारणांसाठीची वाट त्याने बंद केलेली नाही. आठव्या कलमातील बंदीतच तो अपवाद आहे. दहाव्या कलमाने राज्यांना लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. चौदाव्या कलमाने धागा व बियांसाठी लागवडीची मुभा देता येते. 'औषधी भांग' म्हणजे अर्क वा टिंक्चर, अशी व्याख्यासुद्धा कायद्यात आहे. दार आहे, कडी आतून लावलेली आहे. २०१८ साली उत्तराखंडने ती काढली आणि ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसीच्या वाणाला परवाना दिला. हिमाचलात आमदारांच्या समितीचा अहवाल २०२४ मध्ये विधानसभेने स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात २ डिसेंबर २०२० रोजी गांजाला अतिधोकादायक पदार्थांच्या सूचीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. हे मत देणाऱ्या देशात या औषधाचे संशोधन गोगलगायीच्या गतीने चालावे, ही विसंगती आहे. जम्मूच्या शासकीय प्रयोगशाळेने काम हाती घेतले आहे हे खरे. एका प्रयोगशाळेने काय होणार?

आता औषधाचा गुण किती, याबाबत स्पष्ट बोलले पाहिजे, कारण भोळ्या आशेचा व्यापार सगळ्यात लवकर वाढतो. बालवयात सुरू होणाऱ्या, कोणत्याच गोळीला न जुमानणाऱ्या ड्राव्हे नावाच्या अपस्मारावर १२० रुग्णांची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. शुद्ध सीबीडी दिलेल्या गटात महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले. ज्यांना औषधाविना नुसते द्रावण दिले त्यांचे १४.९ वरून १४.१ इतकेच. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. मात्र त्याच चाचणीत गुंगी, जुलाब आणि यकृतावरचा ताण दिसला, विशेषतः व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत. आपल्याकडे अपस्मारावर हेच व्हॅल्प्रोएट सर्रास दिले जाते. म्हणजे संगणकावर मागवलेली बाटली घरच्या घरी मुलाला पाजणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको. केमोथेरपीची मळमळ, स्नायूंचा ताठरपणा, प्रौढांतील जुनाट वेदना यांवर गांजातील द्रव्यांचा उपयोग असल्याचा पुरावा बराच भक्कम आहे. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल बांधवांत सिकलसेलचे दुखणे घरोघर ठाऊक आहे. त्यावर कॅलिफोर्नियात २३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (ती २०२० साली छापून आली) वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. 'आमच्या आदिवासींच्या सिकलसेलवर गांजा' अशी घोषणा उद्या कोणी दिली तर तिला आजच्या पुराव्याचा आधार नाही.

उलट बाजूचा अनुभवही डोळ्यांआड करता येत नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये बंधने उठवली. औषधाचे नाव पुढे होते, प्रत्यक्षात गल्लीगल्लीत दुकाने उघडली, आणि तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, चिठ्ठीशिवाय विक्री नको असा आदेश काढण्याची पाळी त्या शासनावर आली. या उदारपणाचा प्रसाद आपल्यालाही मिळाला. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात सापडणारा हायड्रोपोनिक गांजा ही मुंबई विमानतळावरची नित्याची बाब झाली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेणारे देशात सुमारे ३ कोटी १० लाख होते, आणि त्यांतील सुमारे ७२ लाखांना उपचार वा मदतीची गरज होती. कोवळ्या वयातील मेंदूवर गांजाचा काय परिणाम होतो ते मनोविकारतज्ज्ञांना विचारावे. करमणुकीसाठी गांजा मोकळा करण्याची मागणी आम्हांला मान्य होण्यासारखी नाही, आणि औषधाच्या खांद्यावर बंदूक ठेवून ती पुढे रेटली जात असेल तर रुग्णांचेच नुकसान अधिक होईल.

मग मार्ग कोणता? तो शोधायला फार लांब जावे लागत नाही. पळासनेरची सीमा ओलांडून माळव्यात गेले की मंदसौर-नीमच येते. अफूसारखे त्याहून भयंकर पीक तिथे शेतकरी राजरोस घेतो. केंद्राचा परवाना, मोजलेले क्षेत्र, उत्पन्नाचा किमान दंडक, सरकारी खरेदी, नीमच आणि गाजीपूरचे सरकारी कारखाने, आणि तिथून मॉर्फिन-कोडीन. गळती तिथेही आहे, डोडाचुऱ्याची तस्करी जगजाहीर आहे. तरीही शल्यक्रियेच्या टेबलावरील रुग्णाची वेदना त्यामुळेच शमते. याच मॉर्फिनची कथा मात्र बोलकी आहे. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाने रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले, त्याचा औषधी वापर दशकभरात नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, आणि कर्करोगाचे रुग्ण ज्या देशात अफू पिकते त्याच देशात तळमळत राहिले. दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले. सीबीडीच्या बाबतीत तितकी वर्षे दवडायची आहेत काय?

खान्देशात या कामाला लागणारे सगळे आहे. धुळ्याला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आणि ज्या शिरपूर तालुक्यात गांजा उपटला जातो त्याच तालुक्यात देशात नाव मिळवलेले औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे! कुंपणाच्या आत, विद्यापीठाच्या जमिनीवर, अल्प टीएचसीच्या वाणाची चाचणी घेण्यास अडचण कोणती? अडचण बियाण्याची आहे, हे उत्तराखंडच्या शेतकऱ्यांनी अनुभवले. ०.३ टक्क्यांच्या आत ठामपणे राहील असे बी सहज मिळत नाही, आणि खान्देशाच्या उन्हात ते काय वागेल हे इथेच पेरून पाहावे लागेल. शिवाय झाड पाहून ते कोणते हे पोलिसाला ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते. म्हणून शेतकऱ्यांच्या बांधावर आजच परवाने वाटावेत असे आम्ही म्हणत नाही. वाटले तर पहिल्या परवान्याआड दहा बेकायदा शेते उभी राहतील. आधी विद्यापीठ, मग रुग्णालय, त्यानंतर शेत, हा क्रम हवा.

राहता राहिला वनजमीन कसणारा तो पावरा शेतकरी. लागवडीच्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. वीस किलोंपुढील साठ्याचा आरोप जोडला गेला तर दहा ते वीस वर्षे, आणि जामीन जवळजवळ दुरापास्त. कायदा मोडला तर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण बियाणे कोणी पुरवले, उचल कोणी दिली, माल कोण नेणार होता, महामार्गावर गाडी कोणाची उभी राहणार होती, या प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात का येत नाहीत? २०१९ साली मध्य प्रदेशातील तत्कालीन शासनाने औषधी व औद्योगिक लागवडीचा मनोदय बोलून दाखवला होता. मार्च २०२० मध्ये ते शासन गेले. सीमेपलीकडे उद्या धोरण बदलले आणि अलीकडे ते जुनेच राहिले, तर याच पाड्यांवरच्या माणसांची कोंडी आणखी वाढेल.

धुळे आणि जळगावच्या लोकप्रतिनिधींनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गृहखात्याला एवढे विचारावे: गेल्या दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांत गांजा लागवडीच्या गुन्ह्यांत किती कसणारे पकडले गेले आणि किती खरेदीदार? आणि आरोग्य खात्याला विचारावे, की औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराची किती मुले आपल्या शासकीय रुग्णालयांत नोंदलेली आहेत. डिसेंबरातल्या त्याच दिवसांत शिरपूरच्या शेतांत उपटणी चालू असते.