एकाच आईच्या लेकी



सुट्टीत मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. खर्च थोडा, शिकवण मोठी.

रंगीत माशांच्या काही दुकानांत डॅफ्निया हे जिवंत खाद्य मिळते. उड्या मारत पोहतो म्हणून त्याला पाण्यातली पिसू म्हणतात, पण हा तांदळाच्या कणीएवढा जीव कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला. तो चावत नाही.

अन्न मुबलक असले की डॅफ्नियाची मादी नराशिवायच पिले देते. बहुतेक साऱ्या लेकीच, आणि जन्मजात गुणांनी हुबेहूब आईसारख्या. म्हणून एकच मादी वेगळी वाढवा व तिच्या लेकी दोन बरण्यांत सारख्या वाटा. नळाचे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. दोन्हींत शेवाळाचे हिरवट पाणी सारखेच घाला. बरण्यांच्या तोंडाला पातळ फडके घट्ट बांधा. नाहीतर डेंग्यूचे डास तेथेच अंडी घालतील.

एक बरणी खिडकीत ठेवा, कडक ऊन टाळून. दुसरी अंधाऱ्या कपाटात. उजेडात बारीक शेवाळ वाढत राहते, तेच डॅफ्नियाचे जेवण. अंधारात शेवाळ वाढत नाही. अन्न संपते आणि पिले कमी होत जातात. मग कपाटातल्या बरणीत पाव फुगवण्याचे यीस्ट पाण्यात कालवून एक-दोन थेंब दिवसाआड द्या. जास्त झाले तर पाणी नासते व जीव गुदमरतात. बेताने दिले तर बहुधा पिले पुन्हा दिसू लागतात.

दिवस लहान झाले, गर्दी वाढली, अन्न घटले की तीच मादी नरही जन्माला घालते आणि टणक कवचाची अंडी देते. ही अंडी सुकलेल्या चिखलात वर्षानुवर्षे तग धरतात.

आई एक, जन्म एक. फरक पडला तो अन्नाचा आणि उजेडाचा. शाळेत मागे पडलेल्या आपल्या मुलाबद्दल ‘यांच्या रक्तातच नाही’ असे म्हणणारे आजही भेटतात. माणूस म्हणजे डॅफ्निया नव्हे, हे खरे. पण प्रश्न तोच विचारावा : मूल पोटभर जेवून शाळेत गेले का? रात्री वाचायला त्याला दिवा आणि शांत कोपरा मिळाला का?

तथागतांनी कालामांना स्वतः पारखून घ्यायला सांगितले. आपल्या मुलांनीही दोन्ही बरण्यांतले जीव रोज मोजून आकडे वहीत लिहावेत.

जयभीम!