एकाच स्वाराचे दोन देश : स्पीडवेच्या विजेत्यांची यादी इतिहास म्हणून वाचताना

१/
आयव्हन मॉगर १९६८ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मोटारसायकल स्पीडवेचा वैयक्तिक विश्वविजेता ठरला. त्याच्या नावापुढे देश लिहिला गेला न्यूझीलंड. त्याच वर्षी लंडनच्या वेम्बली मैदानावर सांघिक विश्वकरंडक जिंकणाऱ्या संघातही तो होता. तेथे देश लिहिला गेला ग्रेट ब्रिटन. माणूस एक, वर्ष एक, देश मात्र दोन. हा थ्रेड या विसंगतीविषयी.

२/
प्रथम खेळाची ओळख. माती-मुरमाचा लंबवर्तुळाकार ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. ५०० सीसीच्या, मिथेनॉलवर धावणाऱ्या मोटारसायकलींना एकच गियर असतो आणि ब्रेक नसतात. मागचे चाक मुद्दाम घसरवत, गाडी आडवी करून वळण घ्यायचे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य.

३/
या खेळाचा सांघिक विश्वकरंडक १९६० साली सुरू झाला. अंतिम लढतीत चार देशांचे संघ उतरत आणि प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एक स्वार असे. गुणांची बेरीज देशाच्या नावावर जमा होई. पहिली आठ वर्षे हा करंडक केवळ दोन देशांकडे राहिला : स्वीडनकडे पाच वेळा आणि पोलंडकडे तीन वेळा.

४/
१९६८ साली ग्रेट ब्रिटनने ही मक्तेदारी मोडली. विजयी संघात मॉगरबरोबर बॅरी ब्रिग्ज होता. तोही न्यूझीलंडचा आणि त्यापूर्वी चार वेळा वैयक्तिक विश्वविजेता ठरलेला. १९७१ साली पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे जिंकलेल्या चमूत रे विल्सन हा इंग्रज होता. मॉगर, ब्रिग्ज व रॉनी मूर न्यूझीलंडचे आणि जिम एअरी ऑस्ट्रेलियाचा. ब्रिटनच्या नावाने जिंकलेल्या त्या चमूत बहुसंख्य वसाहतींच्या भूमीतून आलेले होते.

५/
हे घडले कसे? त्यासाठी खेळाच्या उगमाकडे जावे लागते. १९२३ साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे झालेल्या शर्यतींपासून स्पीडवेचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. त्यांचे आयोजन जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने केले होते. लंडनजवळच्या हाय बीच येथील प्रसिद्ध शर्यत १९२८ची. क्रिकेट लंडनहून वसाहतींकडे गेले; स्पीडवेने उलटा प्रवास केला.

६/
खेळ वसाहतींतून आला, तरी पैसा ब्रिटनमध्ये होता. तेथील क्लब आणि लीग सामने यांवर व्यावसायिक स्वाराचा चरितार्थ चाले. म्हणून क्राइस्टचर्च किंवा सिडनीचा होतकरू तरुण बोटीने इंग्लंड गाठी. मॉगर १९५७ साली किशोरवयातच तेथे पोहोचला होता. साम्राज्य राजकीय नकाशावरून ओसरत असतानाही त्याचे श्रमाचे आणि प्रतिभेचे मार्ग वाहतेच राहिले होते.

७/
यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. हे स्वार ब्रिटनमध्ये राहत, तेथेच कमावत. न्यूझीलंडला त्या काळी बलाढ्य संघ उभा करणे अवघड होते. ब्रिटनच्या संघात स्थान मिळाले नसते, तर कदाचित सांघिक करंडक त्यांच्या वाट्याला आलाच नसता. हा युक्तिवाद खरा आहे. कोणावर अन्याय झाला, हा येथे प्रश्न नाही. ‘ब्रिटिश’ या शब्दात कोणाला सामावून घेतले जात होते, हा प्रश्न आहे.

८/
कारण त्याच १९६८ सालच्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेने राष्ट्रकुल स्थलांतरितांविषयीचा कायदा घाईघाईने संमत केला. केनियातील भारतीय वंशाच्या हजारो लोकांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होते. परंतु आईवडील किंवा आजीआजोबा यांच्याद्वारे ब्रिटनशी जन्माचे नाते नसल्याने त्यांच्या प्रवेशावर निर्बंध आले. कागदोपत्री ब्रिटिश असलेला माणूस दारात अडला आणि न्यूझीलंडचा विश्वविजेता ब्रिटनचे रंग लेऊन ट्रॅकवर उतरला.

९/
या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध नाही. त्या शेजारी ठेवल्या की एवढे दिसते की साम्राज्याचे कुटुंब लवचीक होते, पण ती लवचीकता सर्वांसाठी सारखी नव्हती. आणि वेम्बलीच्या त्या मैदानाचे अधिकृत नाव काय होते? ‘एम्पायर स्टेडियम’. १९२४च्या साम्राज्य प्रदर्शनासाठी ते बांधले गेले होते.

१०/
मग काळ पालटला. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि न्यूझीलंडच्या लोण्याला व मांसाला असलेली हक्काची ब्रिटिश बाजारपेठ पूर्वीसारखी राहिली नाही. १९७४पासून स्पीडवेच्या विजेत्यांच्या यादीतही ‘ग्रेट ब्रिटन’च्या जागी ‘इंग्लंड’ दिसू लागते. त्याच दशकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपापल्या नावाने अंतिम फेरीपर्यंत पोहोचले.

११/
१९७६ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ऑस्ट्रेलियाने करंडक जिंकला. १९७९ साली त्याच मैदानावर न्यूझीलंड विजेता ठरला. दोन्ही वेळा अंतिम लढतीत यजमान इंग्लंडचा संघ नव्हता. जुन्या साम्राज्याच्या राजधानीत पूर्वीच्या वसाहती स्वतःच्या नावाने जिंकत होत्या आणि इंग्रज प्रेक्षक पाहुण्यांची शर्यत पाहत होते.

१२/
१९७९च्या त्या न्यूझीलंड संघात आयव्हन मॉगर होता. वय ३९. त्याच वर्षी पोलंडमधील होझूफ येथे त्याने सहावे वैयक्तिक विश्वविजेतेपदही मिळवले होते. अकरा वर्षांनी पुन्हा एकाच वर्षी दोन्ही मुकुट. या वेळी मात्र दोन्ही नोंदींत देश एकच होता.

१३/
भारतीय वाचकाला हे अपरिचित वाटू नये. इफ्तिखार अली खान पतौडी १९३२-३३च्या दौऱ्यात इंग्लंडकडून कसोटी खेळले आणि १९४६ साली त्यांनी भारताचे नेतृत्व केले. क्रिकेटमधील ही उदाहरणे आपण वसाहतवादाच्या संदर्भात वाचतो. तोच न्याय इतर खेळांना लावण्याचे मात्र सहसा कोणाला सुचत नाही.

१४/
म्हणूनच ग्रेट ब्रिटनची चार आणि इंग्लंडची पाच विजेतेपदे मिळवून ‘एकूण नऊ’ अशी जी बेरीज केली जाते, ती आकडेमोड म्हणून बरोबर असली तरी इतिहास म्हणून दिशाभूल करणारी आहे. त्या नऊमध्ये दोन वेगळ्या राजकीय कल्पना आहेत. एकीत साम्राज्याची सावली आहे. दुसरी त्या सावलीतून बाहेर पडलेल्या एका देशाची आहे.

१५/
हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे सांघिक विजेतेपद रशियाकडे होते. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन स्वारांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून दूर ठेवण्यात आले. त्यापूर्वीच्या अंतिम फेऱ्यांत दिसणारे चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ तर आज नकाशावरच नाहीत.

१६/
पदकतालिका पाहताना ‘कोण जिंकले’ हे वाचून आपण थांबतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढे जाऊन विचारावे : त्या वर्षी या देशाच्या नावात कोण कोण सामावले होते, आणि कोणाला बाहेर ठेवले होते? मॉगरच्या १९६८च्या दोन नोंदी हा प्रश्न विचारायला पुरेशा आहेत.