शेत एकाचं, हिशोब सगळ्यांचा

या शनिवारी कोडिंग, गॅजेट्स, ऑफिसचं राजकारण यातलं काहीच नाही. आज सातबारा. ज्यांची गावाकडे जमीन नाही त्यांनी हा लेख खुशाल सोडून द्यावा. पण जमीन असेल आणि बहीणही असेल, तर मात्र वाचाच :-)

विषय डोक्यात आला तो इंग्लंडच्या जुन्या शेतकऱ्यांबद्दल वाचताना. सोळाव्या-सतराव्या शतकात तिकडे योमन म्हणून एक वर्ग होता. जहागीरदार नाही, मजूरही नाही. स्वतःची जमीन स्वतः कसणारा, खाऊनपिऊन सुखी माणूस. आपल्याकडे शोधायचा तर पेशवाईतला मिरासदार कुणबी हा त्याचा जवळचा भाऊ. मिरास म्हणजे वारसाहक्काने चालत आलेली जमीन. वारस, वारसा आणि मिरास हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेत. मिरासदाराचा हक्क इतका पक्का, की दुष्काळात गाव सोडून गेला आणि कित्येक वर्षांनी परत आला तरी आपली जमीन मागू शकायचा. त्याच्या उलट उपरी. तो आज इथे, उद्या तिथे.

योमन आणि मिरासदार, दोघांचा जीव जमिनीतच. पण पुढच्या पिढीला जमीन द्यायची वेळ आली की दोघांच्या वाटा वेगळ्या.

योमन मृत्युपत्र करायचा. १५४० च्या एका कायद्याने जमीन मृत्युपत्राने द्यायची बरीचशी मोकळीक तिथे मिळाली. साधारण पद्धत अशी की शेत एका मुलाला, बहुतेकदा थोरल्याला. पण फुकट नाही! धाकट्या भावांना इतके पौंड, बहिणींना लग्नाच्या वेळी इतके पौंड, आणि ते देणार कोण तर शेत घेणारा मुलगा. बायकोसाठी घरातली अमुक खोली आणि तिच्या पोटापाण्याची सोय. काही मृत्युपत्रांत तर पलंग कोणाला, पितळी भांडं कोणाला, गाय कोणाला इथपर्यंत तपशील. सगळ्या इंग्लंडात असंच होतं असं नाही. केंट परगण्यात मुलगे जमीन सारखी वाटून घ्यायचे. ती प्रथा १९२५ च्या कायद्याने संपली.

आपल्याकडे मृत्युपत्राची रीतच नव्हती. जन्मला तो मुलगा वाटेकरी. पाटीलकीसारख्या वतनात थोरल्याला वडीलपणाचा मान, पण उत्पन्नाच्या तक्षिमा भावाभावांत. शेतजमीन तर सरळ तुकड्यांत. वरवर बघता आपली पद्धत जास्त न्याय्य वाटते, नाही का? भावाभावांत आहेही. पण तिचे दोन घोटाळे आहेत. एक गणिताचा, दुसरा बहिणीचा.

आधी गणित. मी राहतो पिंपळे सौदागरला. हिंजवडीला जाणारे अर्धे लोक इथेच राहतात. पण इथल्या फार कमी जणांना माहीत असेल, की भारतातल्या खेड्यांच्या अभ्यासात हे गाव प्रसिद्ध आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांबरोबर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी जुने कागद धुंडाळून सरासरी खातं केवढं होतं ते काढलं. १७७१ साली सुमारे ४० एकर. १८१८ पर्यंत साडेसतरा. १९१४-१५ मध्ये ७ एकर. दीडशे वर्षांत चाळीसचे सात! आता तिथे टॉवर आणि मॉल आहेत, म्हणून तुकड्यांचा प्रश्न सुटला. सगळ्या गावांच्या नशिबी हिंजवडी नसते.

आमच्या पाथर्डीच्या नशिबी तर नाहीच. जिल्ह्याचं नाव नगरचं अहिल्यानगर झालं, पण पाऊस तोच, लहरी. दिवाळीच्या आसपास तालुक्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला कारखान्यावर जातात. त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची जमीन आहे. पण तेवढ्यावर घर चालत नाही.

आमच्याच घरचा हिशोब मांडतो. पणजोबांची २४ एकर. आजोबा धरून तिघे भाऊ, म्हणजे ८. आण्णा आणि चुलते, म्हणजे ४. आता कायद्याने वाटणी केली तर आण्णा, आई, दादा, मी आणि ताई असे पाच हिस्से. १६० गुंठे भागिले पाच. प्रत्येकी ३२ गुंठे! त्यातही काळी रान वेगळी, बरड वेगळं. कोणावर अन्याय नको म्हणून प्रत्येकाला दोन्हीतला तुकडा. मग लांबच लांब पट्टे, ज्यांत औत वळवायला जागा नाही. दर पिढीला एक बांध वाढतो आणि बांधाबरोबर एक भांडण. विहीर तर कापता येत नाही, म्हणून तिचे आणे. चार आणे ह्याचे, आठ आणे त्याचे, आणि मोटार कोणाच्या पाळीला जळाली यावरून वर्षभर अबोला.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. पण भाकरी तीन तोंडांत वाटायची असेल तर कायदा तुकडे कसे थांबवणार? शेवटी २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्रच जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं खाली आणलं. म्हणजे बग फिक्स होईना म्हणून स्पेसिफिकेशनच बदललं.

आता दुसरा घोटाळा. कायदा बहिणीच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, अर्थात आधी लग्न झालेल्या मुली वगळून. केंद्राने तो २००५ मध्ये सगळ्या मुलींना दिला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवे होते का, हा घोळ सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. नसले तरी चालेल, हक्क जन्माने आहे.

आणि प्रत्यक्षात काय होतं? बहिणीला गाडी करून तालुक्याला आणतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडीचोळी करतात, हॉटेलात जेवण, की झालं. सही दिली तर गुणाची, नाही दिली तर "माहेर तुटलं". गंमत म्हणजे शुल्काचं गणितही त्याच बाजूला झुकतं. भावाच्या नावे विनामोबदला हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र. मोबदला घेतल्याचं लिहिलं की खरेदीखतासारखं. म्हणजे बहिणीने फुकट सोडलं तर स्वस्त, पैसे घेतले तर महाग!

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं. "तिच्या लग्नात खर्च केला की." ठीक आहे, धरू या तो खर्च. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, पण तो वाद बाजूला ठेवू. मग माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, कॉम्प्युटर, हे कोणाच्या खात्यात टाकायचं? ते पैसे त्याच चार एकरांतून आले. ताईच्या लग्नाला तिचा वाटा म्हणतात, माझ्या डिग्रीला मात्र कोणी माझा वाटा म्हणत नाही.

आणखी एक. ताईने गाव सोडलं ते लग्न होऊन, मी सोडलं ते नोकरीसाठी. दोघंही नांगर धरत नाही. शेत बघतो दादा. मग "आता तुझा काय संबंध" हे फक्त ताईलाच का ऐकावं लागतं? मला आजवर एकाही भावकीतल्या माणसाने हक्कसोड कर म्हणून सांगितलेलं नाही. उलट विचारतात, "साहेब, तुमचा हिस्सा कोणाला लावून देणार?" खरं तर दोघांत गरज कोणाची जास्त असू शकते? माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. नवऱ्याने टाकलेल्या किंवा अकाली विधवा झालेल्या बाईला माहेरचा हिस्सा हा एकच आधार असू शकतो. तिची सही माझ्या सहीपेक्षा कितीतरी महाग आहे.

तर माझं म्हणणं असं. योमनची अर्धी युक्ती आपण घ्यावी. थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी हा त्याचा भेद नको. पण शेत कसणाऱ्याकडे अखंड राहावं, आणि बाकीच्यांचा हिस्सा पैशात, आकडा लिहून, हप्ते ठरवून मिळावा, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. कसणारी बहीण असेल तर शेत तिला. आणि हे सगळं आईवडील हयात असताना, त्यांच्यासमोर, त्यांची घर-धान्याची सोय आधी लिहून.

यावर दादाचा आक्षेप येणार आणि तो खरा आहे. पैसे आणायचे कुठून? रस्त्याकडेच्या जमिनीचा गुंठ्याचा भाव ऐकून चक्कर येते. त्या भावाने हिस्से विकत घ्यायचे तर बाजरी-कापूस करणाऱ्याला दोन जन्म लागतील. इंग्लंडातही भावाबहिणींचे पैसे भागवताना कित्येक वारस कर्जात बुडाले, हे विसरून चालणार नाही. म्हणून किंमत प्लॉटच्या भावाने नको, शेत जे पिकवतं त्या हिशोबाने हवी आणि दहा-पंधरा वर्षांत फेडायची. वर एक अट. उद्या दादाने किंवा त्याच्या मुलांनी तीच जमीन प्लॉटिंगला विकली, तर वरचा नफा सगळ्यांत वाटायचा. शेतीसाठी स्वस्तात दिलेली जमीन शेती राहिली तरच स्वस्त. ही अट कशी लिहिली तर टिकेल, ते वकिलाला फी देऊन विचारावं. त्या फीपेक्षा कोर्टाच्या तारखा नक्कीच महाग पडतात.

कायद्यात याला आधार नाही असंही नाही. वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार एखादा वारस आपला हिस्सा विकायला निघाला, तर तो आधी विकत घ्यायचा हक्क इतर वारसांना आहे. हे शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. वाटणीपत्राचा खर्चही आता फार नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, आणि नोंदणी शुल्क माफ करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. खर्चाचं कारण संपलं. उरला तो संकोच.

हा संकोच मोडायचा कोणी? माझ्या मते आमच्यासारख्यांनी. गाव सोडून पगारावर जगणाऱ्या भावांनी. बहिणीकडे सही मागायच्या आधी आपली सही पुढे करावी. मी घरी तेच सांगितलंय. हक्क सोडायचाच तर पहिला माझा, आणि विनामोबदला. ताईचा मात्र हिशोब होणार, आणि आकडा ती सांगणार. तिला पैसे नकोत, जमीनच हवी असेल तर तिचे ३२ गुंठे मोजून द्यायचे, बांध घालून. आण्णा अजून गप्प आहेत. आई म्हणाली, "आधी तिला विचारा तरी." एवढ्या वर्षांत तेच कोणी केलं नव्हतं.

प्रेम आणि हिशोब एका ताटात नको, असं आपल्याकडे म्हणतात. मला उलटं वाटतं. तालुक्याच्या कोर्टात ज्या भावाबहिणींचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत, त्यांच्यात प्रेम कमी नव्हतं. हिशोब लिहिलेला नव्हता. तुमचे आईवडील असतील तर या दिवाळीला हा विषय काढा. फराळ थोडा कडू लागेल, पण भाऊबीज पुढची पन्नास वर्षं चालेल.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.