मायक्रोवेव्ह: भीती नको, खबरदारी हवी

सेहरीला रात्रीचे सालन दोन मिनिटांत गरम होते, म्हणून नवी मुंबईतल्या आपल्या बऱ्याच घरांत ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे. पालकसभेत भगिनी आम्हाला हमखास विचारतात, "त्याच्या किरणांनी आजार तर होत नाही ना?" आमच्या मते धोका आहे, पण तो किरणांत नाही, आपल्या वापरात आहे.

या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. रेडिओलहरींच्या कुळातल्या असतात. त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. एका लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, तर दाराच्या जाळीची छिद्रे मिलिमीटरभर, त्यामुळे लहर बाहेर पडत नाही. दार उघडताच लहरी बंद होतात. अन्नात त्या साठून राहत नाहीत. मात्र दार वाकले असेल, नीट लागत नसेल किंवा काच तडकली असेल, तर दुरुस्तीपर्यंत ओव्हन वापरू नये.

आधी प्लग पाहा. साधा छोटा ओव्हनही सुमारे १२०० वॅट वीज ओढतो, कन्व्हेक्शनचा तर २००० वॅटच्या पुढे जातो. जुन्या सिडको वसाहतींतल्या लहान स्वयंपाकघरांत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर फ्रीज, मिक्सर आणि ओव्हन लावलेले असतात. तसे करू नका. अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. हवेसाठी मागे-वर जागा मोकळी ठेवा.

मायक्रोवेव्हवर स्टीलचा डबा, फॉइल, सोनेरी काठाची कपबशी चालत नाही, ठिणग्या उडतात. चांदीचा वर्क लावलेली मिठाईसुद्धा आत ठेवू नका. दावतीच्या मेलामाइनच्या ताटल्या आणि हॉटेलातून आलेले पातळ डबेही नकोत. काच किंवा चिनीमातीचे भांडे घ्या, नाहीतर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेले प्लास्टिक. झाकण सैल ठेवा, म्हणजे वाफ कोंडणार नाही. उकडलेले अंडे अख्खे गरम करू नका, ते हातात किंवा तोंडातही फुटू शकते.

गुळगुळीत कपात नुसते पाणी जास्त वेळ तापवले तर बुडबुडे दिसत नाहीत. कॉफी टाकताच ते एकदम उसळून हात भाजतो. वेळ कमी लावा आणि कप अर्धा मिनिट तसाच राहू द्या. बाळाची दुधाची बाटली तर ओव्हनमध्ये ठेवूच नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतले दूध कुठे कुठे चटका देणारे असते. ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी.

आता उरलेल्या बिर्याणीविषयी. शिजलेला भात इथल्या दमट उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिला, तर त्यात जंतू वाढून विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने जंतू मरतील, पण ते विष जात नाही. म्हणून इफ्तारनंतर दोन तासांच्या आत बिर्याणी पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्यामुळे मधला भाग थंड राहतो. मध्येच ढवळा, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करा, दोन मिनिटे झाकून ठेवा, मगच वाढा. लागेल तेवढेच काढा. तेच अन्न पुन्हा पुन्हा तापवू नका.

आत काही पेटलेच तर दार उघडू नका, हवा मिळाली की आग वाढते. सॉकेटचे बटण बंद करा आणि आग विझेपर्यंत दार बंदच ठेवा. ओव्हन बिघडला तर घरच्या घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहिलेली असते.

सेहरीच्या घाईत मुलेही डबे गरम करतात. त्यांना एकदा शेजारी उभे राहून हे सगळे दाखवा. ओव्हन मुलांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवू नका, गरम सालन अंगावर सांडण्याचा धोका तिथेच असतो.