छापील भिंगाची वाट पाहू नका

श्रीरामपूरच्या आसपासच्या वस्त्यांवर ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ ही समजूत अजून टिकून आहे. आता तिला नव्या भिंगाची सबब मिळू नये.

चष्म्याचे भिंग वक्र पृष्ठभागाने प्रकाश वळवते. डोळ्यातले नैसर्गिक भिंग आणखी एक युक्ती वापरते. त्याचा अपवर्तनांक मध्यभागी सुमारे १.४१ असतो आणि कडेकडे हळूहळू घटत जातो. शस्त्रक्रियेत बसवले जाणारे नेहमीचे कृत्रिम भिंग मात्र सर्वत्र सारखेच असते. २०२० मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने त्रिमितीय छपाईने असे चढउताराचे काचभिंग तयार केले. सिलिका आणि टायटॅनियाचे प्रमाण बदलत शाईसारखे मिश्रण छापायचे आणि मग ते भाजून काच करायची, अशी ही पद्धत. पृष्ठभाग सपाट असूनही हे भिंग प्रकाश एकवटते.

संशोधन मोलाचे आहे, पण ते भिंग डोळ्यात बसवण्यासाठी नाही. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले १९४९ मध्ये. भारतातल्या गरिबाला ते परवडू लागले १९९२ मध्ये मदुराईत ‘ऑरोलॅब’ सुरू झाल्यानंतर. नव्या भिंगाची कसोटीही किंमत हीच असावी.

तोवर थांबणे धोक्याचे. अतिपिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. घरातल्या आजी-आजोबांना यंदाच तपासून आणा.